जलप्रवासास निघण्यापूर्वी
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात धाराशिव येथे दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या चिटणीसांनी आम्हां उभयतांस ‘बोटीच्या सहलीविषयी चार शब्द सांगा’ अशी आज्ञा केली, तेव्हा प्रथम आम्हांस हसूच आले. आपला जिल्हा बालाघाटाच्या माथ्यावरचा. येथे पाण्याचे माप घागरीने होते, आणि उन्हाळा लागला की टँकर कोणत्या दिवशी येणार याचीच चर्चा ओट्याओट्यांवर चालते. अशा गावच्या माणसांनी समुद्रावर व्याख्यान द्यावे, हे जरा धाडसाचेच. परंतु चिटणीसांचे म्हणणेही खोटे नव्हते. अलीकडे आपल्या सभासदांपैकी काही कुटुंबे मुंबईहून निघणाऱ्या मोठ्या सहलबोटींवर जाऊन आली. काहींना परदेशी असलेल्या मुलांनी तिकडच्या बोटींवर नेले. आणि परत आल्यावर जो तो एकच वाक्य बोलतो : ‘हे आधी कुणी सांगितले असते, तर बरे झाले असते.’ तेव्हा आम्ही जे चुकलो आणि जे शिकलो, ते आपल्यापुढे ठेवणे हे आमचे कर्तव्य समजून उभे राहिलो आहोत.

तत्पूर्वी एका गैरसमजाचे निरसन करणे इष्ट वाटते. आपला समुद्राशी संबंध नाही, असे आपण मानतो. वस्तुतः तो फार जुना आहे. आपल्या जिल्ह्यातील तेर, म्हणजे संत गोरोबाकाकांचे गाव, हेच प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक दर्यावर्दी व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या ग्रंथात तगराचा उल्लेख आहे. पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर हे नगर असून तेथील जाडेभरडे कापड आणि मलमल गाड्यांवर घालून भडोचच्या बंदरास नेत, असे तो सांगतो. तेथून तो माल गलबतांत चढे. तेरच्या पांढरीत सापडलेल्या वस्तू तेथील लामतुरे वस्तुसंग्रहालयात ठेवल्या आहेत, त्या ज्यांनी पाहिल्या नसतील त्यांनी अवश्य पाहाव्यात. आपल्या मातीतला माल दोन हजार वर्षांपूर्वी समुद्र ओलांडून गेला. माणसे मात्र मागे राहिली.

ती का राहिली, हेही ज्ञातिसंस्थेच्या व्यासपीठावरून प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. समुद्र ओलांडला की जात गेली, अशी समजूत आपल्याकडे शतकानुशतके होती, आणि परतलेल्यास वाळीत टाकण्याचे अथवा प्रायश्चित्त देण्याचे काम आपल्यासारख्याच ज्ञातिसभा करीत असत. ७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून वैद्यकी शिकण्यासाठी अमेरिकेस निघाल्या, तेव्हा त्यांच्यावर टीकेचा किती भडिमार झाला, हे सर्वश्रुत आहे. आज त्याच प्रकारच्या एका संस्थेच्या स्नेहसंमेलनात ‘बोटीवर जाताना काय न्यावे’ हा विषय निघतो, यातच काळाने केलेली प्रगती दिसून येते.

आता आमची हकीकत. आम्ही चार कुटुंबे मिळून अकरा माणसे होतो. त्यांत सहा वर्षांच्या नातवापासून चौऱ्याहत्तर वर्षांच्या आमच्या काकूंपर्यंत सर्व वयाची माणसे होती. काकूंनी तोपर्यंत समुद्र पाहिला नव्हता. काका हयात असताना ‘एकदा मुंबईस जाऊ, समुद्र दाखवीन’ असे म्हणत. ते राहून गेले. काकूंनी तुरीच्या पैशांतून थोडेथोडे बाजूला टाकून स्वतःचे तिकीट स्वतः काढले. ‘मला कुणाचा मिंधेपणा नको,’ असे त्या म्हणाल्या. सांगण्याचे कारण एवढेच की, आपल्यापैकी बहुतेकांच्या बाबतीत हा प्रवास आयुष्यात एकदा, घामाच्या पैशाने होणारा आहे. तो अज्ञानाने वाया जाऊ नये.

पहिली सूचना पैशाविषयी. जाहिरातीत छापलेली रक्कम ही एकंदर खर्चाची रक्कम नव्हे. तिच्यावर कर, बंदराचे शुल्क आणि बोटीवरील सेवकांचा आकार बहुधा निराळा असतो. किनाऱ्यावरील सहली, इंटरनेट, कपडे धुणे, बाटलीबंद पेये आणि डॉक्टरांची तपासणी यांचेही पैसे सामान्यतः वेगळे पडतात. बोटीवर रोख व्यवहार चालत नाही; एक कार्ड मिळते आणि त्यावर खर्च मांडला जातो. कार्ड दाखविताना पैसे हातातून जाताना दिसत नाहीत, म्हणून खर्च भरमसाट होतो. तेव्हा रोज रात्री स्वागतकक्षात जाऊन हिशोब पाहावा, आणि मुलांच्या कार्डावर खर्चाची मुभा ठेवू नये. कर्ज काढून सहलीस जाऊ नये, हे आम्ही येथे निक्षून सांगतो. समुद्र कोठे जात नाही. पुढच्या वर्षीही तो तेथेच असतो.

दुसरी गोष्ट वेळेची. बोट कुणासाठी थांबत नाही. म्हणून ज्या दिवशी बोट सुटणार, त्याच दिवशी पहाटे मुंबईस पोहोचू, असा हिशोब कदापि करू नये. रेल्वेस दोन-चार तास उशीर होणे ही काही अघटित घटना नव्हे. एक दिवस आधी निघावे आणि रात्री कुणा आप्ताकडे अथवा धर्मशाळेत राहावे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून बॅलार्ड पिअरचा धक्का अगदी जवळ आहे. सरकारी ओळखपत्र मूळ स्वरूपात जवळ ठेवावे आणि त्यावरील नाव तिकिटावरील नावाशी अक्षरशः जुळते की नाही, हे घरीच पाहावे. आपल्याकडे एका कागदावर माहेरचे नाव, दुसऱ्यावर सासरचे, असा घोळ पुष्कळ भगिनींच्या बाबतीत असतो. तो धक्क्यावर निस्तरता येत नाही. बहुतेक कंपन्या चोवीस आठवड्यांपुढील गर्भवतीस आणि सहा महिन्यांखालील बालकास घेत नाहीत, हेही तिकीट काढण्यापूर्वीच विचारावे.

सामानाविषयी बोलताना आमच्या पहिल्या चुकीची कबुली द्यावयाची आहे. धक्क्यावर मोठ्या पेट्या उतरवून घेतात आणि त्या आपल्या खोलीत पोहोचण्यास कित्येक तास लागतात. काकूंच्या रक्तदाबाच्या गोळ्या आम्ही मोठ्या पेटीत ठेवल्या होत्या. दुपारची गोळी रात्री नऊ वाजता मिळाली, आणि तोपर्यंत सर्वांचा जीव टांगणीला लागला होता. तेव्हा औषधे, चष्मा, ओळखपत्र, एक वेळचे कपडे आणि लहान मुलांचा खाऊ ही हातातल्या पिशवीतच असावीत. औषधे प्रवासाच्या दिवसांहून तीन-चार दिवसांची अधिक न्यावीत, आणि डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर असावी.

इस्त्री, विजेची किटली, मेणबत्ती, उदबत्ती आणि निरांजन यांस बोटीवर मनाई असते. काही मंडळींस याचा राग येतो. परंतु भर समुद्रात आगीएवढे दुसरे भय नाही. तेथे बाहेर पळून जाण्यास अंगण नसते. देवास हात जोडावेत, मानसपूजा करावी; देव रागावत नाही. घरचे खाद्यपदार्थ नेण्यासही बहुतेक बोटींवर मर्यादा असतात. कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी रेल्वेतच संपवावी. शाकाहार, उपवास, मधुमेह यांविषयी तिकीट काढतानाच लेखी कळवावे, म्हणजे आयत्या वेळी उपाशी राहण्याची पाळी येत नाही.

आता सर्वांत महत्त्वाच्या विषयाकडे वळतो, तो म्हणजे सुरक्षिततेची कवायत. बोट सुटण्याच्या सुमारास सर्व प्रवाशांस नेमलेल्या जागी बोलावतात, लाइफ जॅकेट कसे घालावे ते दाखवितात आणि संकटाची खूण ऐकवितात. सात आखूड भोंगे आणि त्यानंतर एक लांब भोंगा, ही ती खूण. आमच्या बोटीवर त्या वेळी निम्मी मंडळी फोटो काढीत होती आणि काही जण ‘हे काय शाळेतले कवायतीचे सोंग’ म्हणून हसत होते. त्यांस ठाऊक नव्हते की हा नियम माणसांच्या प्राणांची किंमत देऊन आला आहे. १९१२ साली ‘टायटॅनिक’ बुडाली, त्यानंतर १९१४ साली समुद्रावरील जीवितरक्षणाचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या जिलियो बेटाजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आपटून बत्तीस माणसे दगावली. त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत तोवर झालीच नव्हती. त्यानंतर नियम बदलला, आणि बोट सुटण्यापूर्वी अथवा सुटताच कवायत घेणे १ जानेवारी २०१५ पासून बंधनकारक झाले.

आपल्याकडील उदाहरण तर याहून जवळचे आहे. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट वादळी पावसात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. पावसाचा मारा चुकविण्यासाठी उतारू एका बाजूस धावले आणि बोट कलली, असे सांगतात. यातून बोध घ्यावयाचा तो हा, की लहान होडीत बसलात तर सांगितलेल्या जागी बसून राहावे, उठून एका काठाशी गर्दी करू नये, आणि लाइफ जॅकेट मांडीवर न ठेवता अंगात घालून बंद आवळावेत. खोलीत गेल्यावर पहिले काम म्हणजे दाराच्या आतल्या बाजूस लावलेला नकाशा पाहणे आणि जिन्याने एकदा नेमलेल्या जागी चालत जाऊन येणे. संकटसमयी उद्वाहनात पाऊल टाकू नये. कठड्यावर चढून अथवा मुलांस कठड्यावर बसवून फोटो काढण्याची हौस तर कुणीच करू नये.

बोट लागणे हा दुसरा सार्वत्रिक त्रास. डोळ्यांना खोलीच्या भिंती स्थिर दिसतात आणि कानाच्या आतील तोल सांभाळणाऱ्या इंद्रियास हालचाल जाणवते. या दोन साक्षींत विसंवाद झाला की मळमळते. म्हणून तिकीट काढतानाच बोटीच्या मध्यभागातील खालच्या मजल्यावरची खोली मागावी. तेथे हेलकावा कमी बसतो, आणि भाडेही बहुधा कमी असते. त्रास होऊ लागताच उघड्या डेकवर येऊन दूर क्षितिजाकडे पाहावे. वाचन करू नये, मोबाइलमध्ये डोके घालू नये. रिकाम्या पोटीही राहू नये आणि तुडुंबही जेवू नये. आल्याची वडी अथवा लिंबू चघळल्याने पुष्कळांस बरे वाटते. गोळी घ्यावयाची तर डॉक्टरांस विचारून, आणि त्रास सुरू होण्यापूर्वी घ्यावी. उलटी सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही.

बोटीवर शेकडो माणसे एकाच भोजनगृहात जेवतात, एकाच कठड्यास हात लावतात. जुलाब-उलट्यांची साथ अशा ठिकाणी झपाट्याने पसरते. तिच्या मुळाशी बहुधा असणारा नोरो नावाचा विषाणू हातावर चोळण्याच्या द्रवाला पुरेसा दाद देत नाही. साबण आणि वाहते पाणी हाच खरा उपाय. जेवणापूर्वी हात धुण्याची आपल्या आजीची शिस्त येथे वैद्यकशास्त्रच ठरते. कुणास त्रास झालाच तर लाजेने लपवू नये, तत्काळ बोटीवरील डॉक्टरांस कळवावे. ताटाविषयीही एक विनंती आहे. पदार्थ कितीही घ्या, कुणी अडवीत नाही. म्हणून ताट भरून घेणे आणि निम्मे टाकणे, हे दुष्काळी मुलखातून गेलेल्या माणसांस शोभत नाही.

मोबाइलविषयी एक वाक्य पुरे. किनारा सुटला की बोटीवरील उपग्रहाचे जाळे आपोआप पकडले जाते आणि त्याचे दर फार असतात. तेव्हा यंत्र विमानस्थितीत ठेवावे आणि घरच्यांस आधीच सांगावे की दोन दिवस आवाज ऐकू आला नाही तर घाबरू नका.

आता किनाऱ्यावरची गोष्ट. येथेच आमच्या हातून दुसरी आणि अधिक मोठी चूक घडली. गोव्यास बोट मुरगावच्या बंदरास लागली. बोटीची सहल महाग वाटली म्हणून आम्ही बाहेर स्वतंत्र गाडी ठरविली आणि मंगेशीस दर्शनास गेलो. दर्शन उत्तम झाले. काकू दोनदा म्हणाल्या, “आता निघू या रे, उगं येळ कशाला लावता?” परंतु आम्हांस वाटले, अजून पुष्कळ वेळ आहे. परतीच्या वाटेवर वाहतूक तुंबली आणि गाडी तासभर जागची हलेना. बंदराच्या फाटकाशी उतरलो, तेव्हा शिडी काढण्यास पंधरा मिनिटे उरली होती, आणि काकूंचे गुडघे पळू देत नव्हते. त्या म्हणाल्या, “तुम्ही पोरं-लेकरं घेऊन व्हा पुढं. मी राहते हितं. मला काय कुणी खातंय का?” आमच्या दोघा पुतण्यांनी त्यांस अक्षरशः हातांच्या पालखीत उचलून आणले. शेवटच्या पाच मिनिटांत आम्ही चढलो. त्या रात्री आम्हां उभयतांस जेवण गेले नाही. काकूंची औषधे बोटीवर होती, पैसे बोटीवर होते. त्या खरोखरच मागे राहिल्या असत्या तर काय झाले असते, हा विचार आजही झोप उडवितो.

म्हणून सांगतो. स्वतंत्र जावयाचे तर खुशाल जा, त्यात पैसा वाचतो. परंतु बोटीवर परतण्याच्या अखेरच्या वेळेपूर्वी निदान दीड तास धक्क्यावर असावे. बोटीने नेमलेल्या सहलीस उशीर झाला तर ती जबाबदारी सामान्यतः बोटीची असते. स्वतःच्या सहलीस उशीर झाला तर आपली. बोटीचे घड्याळ आणि किनाऱ्याचे घड्याळ परदेशात वेगळे असू शकते, तेव्हा बोटीचीच वेळ मनगटावर ठेवावी. उतरताना प्रत्येकाच्या खिशात बोटीचे कार्ड, ओळखपत्राची प्रत, त्या दिवसाची औषधे, थोडे रोख पैसे आणि बंदरातील प्रतिनिधीचा दूरध्वनी क्रमांक असलाच पाहिजे. आणि तुकडीतील सर्वांत वृद्ध माणूस ‘निघू या’ म्हणाला, की निघावे. त्याचे गुडघे त्याला ठाऊक असतात.

लक्षद्वीपची रीत निराळी आहे. तेथे बेटाभोवती प्रवाळाचे कडे असल्याने मोठी बोट बाहेर खोल पाण्यात उभी राहते आणि लहान होड्यांनी किनाऱ्यास नेतात. होडी लाटेबरोबर वरखाली होते. खलाशी सांगेल तेव्हाच, त्याच्या हातास धरून पाऊल टाकावे, आणि आपले दोन्ही हात मोकळे ठेवावेत. समुद्र खवळलेला असला तर कप्तान उतरणेच रद्द करतो. त्याच्याशी वाद घालू नये. पैसे बुडाल्याचे दुःख जीव बुडण्याहून लहान आहे. त्या बेटांवर जाण्यास भारतीयांसही परवाना लागतो. तो बोटीची कंपनी काढणार की आपण, हे आधी विचारावे. तेथील रहिवासी धर्मशील मुसलमान आहेत. पोषाख मर्यादशील असावा, मद्य बेटावर नेऊ नये, बायका-मुलांचे फोटो विचारल्यावाचून काढू नयेत. प्रवाळाचा तुकडा उचलून आणणे हा वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये गुन्हा आहे.

एक गोष्ट मात्र तेथे मनास फार लागली. चोहोकडे अथांग पाणी, आणि बेटावर पिण्याच्या पाण्याची टंचाई! २००५ साली कवरत्तीस आणि २०११ साली मिनिकॉय व अगत्तीस, चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेने समुद्राचे पाणी गोड करण्याचे कारखाने उभारले. वरचे कोमट पाणी कमी दाबाखाली वाफ करावयाचे आणि खोल समुद्रातील थंड पाण्याने ती वाफ निववावयाची, अशी ती युक्ती आहे. हे ऐकून काकू म्हणाल्या, “म्हणजे ह्यांचंबी आपल्यासारखंच की!” बोटीवरही गोडे पाणी बहुतांशी असेच यंत्राने तयार होते. तेव्हा नळ वाहता ठेवू नये, हे धाराशिवकरांस कुणी शिकवावयास नको.

ज्यांची मुले परदेशी आहेत, त्यांच्यासाठी एक महत्त्वाची सूचना. सिंगापूरहून अथवा अमेरिकेहून बोटीने दुसऱ्या देशात जाऊन परत त्याच बंदरास येणे, म्हणजे त्या देशात दुसऱ्यांदा प्रवेश करणे होय. आपला व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर परतताना अडचण येते. निघण्यापूर्वी अनेक प्रवेशांचा व्हिसा आहे ना, पासपोर्टची मुदत परतीनंतर निदान सहा महिने शिल्लक आहे ना, आणि वैद्यकीय विमा समुद्रावरही लागू आहे ना, या तीन गोष्टी मुलांकडून खात्री करून घ्याव्यात. लोणची, बियाणे, फळे घेऊन किनाऱ्यावर उतरू नये. पुष्कळ देशांत त्यासाठी जबर दंड आहे.

सूचना पुष्कळ झाल्या. त्या ऐकून कुणी भिऊन घरी बसावे, असा आमचा हेतू मुळीच नाही. परतीच्या शेवटच्या पहाटे आम्ही डेकवर गेलो, तेव्हा काकू आधीच कठड्याशी येऊन उभ्या होत्या. पदर डोक्यावरून घट्ट घेतलेला, आणि पूर्वेकडे तांबडे फुटत होते. आम्ही विचारले, “काकू, कसा वाटला समुद्र?” त्या जरा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “त्यांनी दाखवीन म्हटलं होतं. मी बघितला, आता जाऊन सांगंल कुणीतरी त्यांना.” आमच्याने पुढे काही विचारवले नाही.

बंधुभगिनींनो, आपल्या घरोघरी अशी एक काकू, एक आत्या, एक आजी आहे, जिला कुणीतरी कधीतरी काही दाखविण्याचे कबूल केले होते. ऐपत असेल तर त्यांस घेऊन जा. वेळेवर निघा, गोळ्या हातात ठेवा आणि त्यांच्या चालीने चाला. ज्यांस या प्रवासाविषयी काही विचारावयाचे असेल, त्यांनी सभा संपल्यावर आम्हांस अवश्य भेटावे. हिशोबाची वही आम्ही बरोबर आणली आहे.